जांगडवर आणलेली लेन्स

आमच्या घरी देवघराच्या वरच्या भिंतीवर वडिलांचा फोटो आहे. फोटोत त्यांनी काळा कोट घातलेला आहे. वडिलांनी जन्मात कधी कोट घातला नाही. धुळ्याकडून सुरतला आले ते पायजमा-शर्टात, आणि यंत्रमागाच्या कारखान्यात आयुष्य काढलं ते बनियनवर. पण ते गेले तेव्हा घरात त्यांचा एकही धड फोटो निघाला नाही. शेवटी कारखान्याच्या पासावरचा टिकलीएवढा फोटो आम्ही स्टुडिओत नेला. स्टुडिओवाल्याने विचारलं, कोट घालून देऊ का, छान दिसतील. आम्ही रडत होतो. रडणारा माणूस कशालाही हो म्हणतो. त्याने घातलेला कोट खांद्यात इतका रुंद आहे, की वडिलांची बारीक मान त्यातून बाहेर डोकावल्यासारखी दिसते. शिवाय पासाचा फोटो काढणाऱ्याने त्यांना न सांगताच बटण दाबलं असावं, कारण चेहरा दचकलेला आहे. गेली कित्येक वर्षं वडील त्या भिंतीवरून दचकून आमच्याकडे बघताहेत.

आईची यावर कधी तक्रार नव्हती. कारण, हे मागाहून कळलं, तिला तो कोट दिसतच नव्हता. मोतीबिंदू तेव्हाच सुरू झाला होता, तो हळूहळू वाढत गेला आणि फोटोतला काळा भाग म्हणजे सावली आहे, असं तिने धरून टाकलं होतं. मागच्या वर्षी श्रावणात तिच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं पाठोपाठ झाली. पट्टी सुटली, काळा चष्मा सुटला, आणि एके दिवशी सकाळी दिवा लावता लावता ती थांबली. काडेपेटी हातात तशीच. बराच वेळ तिने वर पाहिलं आणि मला हाक मारून विचारलं, "हाऊ कोन शे?"

मी म्हटलं, बाबा आहेत, आणखी कोण असणार.

"त्यासले कोट कधी व्हता?"

मी स्टुडिओची हकिगत सांगितली. तिने ऐकून घेतली. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली की कोटात रुबाबदार दिसतात हो मामंजी. आईने तिकडे लक्ष दिलं नाही. एवढी वर्षं मी रोज कुणाला हार घालत होते, असं काहीतरी पुटपुटली. मग दिवा लावला, हात जोडले आणि वळून मला म्हणाली, "मना फोटो आतेच काढी ठेव. जशी शे तशी. माले असं नको."

आमच्या घरात आईचा हुकूम हा कारखान्यातल्या भोंग्यासारखा असतो. वाजला की कामाला लागायचं. शिवाय या हुकमात एक गोष्ट न बोलता होती आणि ती आम्हा दोघांनाही कळत होती: फोटो कशासाठी हवा, आणि तो काढायचा राहून गेला तर पुन्हा कुठल्या तरी स्टुडिओत कुणीतरी रडत जाणार आणि स्टुडिओवाला तिला कोण जाणे कुठला शालू नेसवणार. तेव्हा मी ठरवलं. आईचा फोटो काढायचा, आणि ती 'हो' म्हणेल असाच काढायचा.

आता माझ्याकडे कॅमेरा होता. पन्नाशीच्या आसपास माणसाला काहीतरी होतं. कुणी भजनी मंडळात जातं, कुणी सकाळी टेकडी नसलेल्या गावात टेकडी शोधायला निघतं. मी साड्यांच्या कॅटलॉगचे फोटो काढणाऱ्या एकाकडून त्याचा जुना कॅमेरा घेतला. बायको अजून त्याला 'तुमचं ते' म्हणते. त्याच्याबरोबर आलेली लेन्स उजेडात बरी चालते. पण आमचं गोडादऱ्याचं घर म्हणजे दोन्ही बाजूंनी शेजाऱ्याच्या भिंतीत दाबून बसवलेलं. पुढे दार, मागे न्हाणीघर, आणि उजेडाच्या नावाने एक खिडकी. ती गल्लीत उघडते, आणि गल्लीपलीकडे लगेच दुसऱ्याची भिंत. त्या उजेडात माझ्या लेन्सने आई काढली की आई हलल्यासारखी यायची. आई हलत नव्हती, हे ती शपथेवर सांगत होती. फ्लॅश लावला तर तिचे नवे डोळे गच्च मिटायचे. बाहेर ओट्यावर बसवावं तर ऊन लागून डोळ्यांना पाणी, आणि गल्लीतल्या बायका विचारणार, माय, फोटो कशाला? याचं उत्तर तिला गल्लीत द्यायचं नव्हतं. गच्चीचे जिने गुडघ्यांनी केव्हाच बंद केले होते.

बायकोने मोबाइलवर एक काढून दाखवला. मोबाइलने आपणहून आईच्या सुरकुत्या पुसल्या, गाल फुगवले आणि तोंडाला ज्वारीचं पीठ लावल्यासारखं केलं. आईने स्क्रीन लांब धरली, जवळ धरली. "हाई कोन शे?" म्हणाली आणि मोबाइल परत दिला.

मला काय हवं होतं ते मला माहीत होतं. कमी उजेडातही भरपूर उजेड आत घेणारी, मोठ्या तोंडाची, पंच्याऐंशी मिलिमीटरची लेन्स. लग्नातले फोटोवाले नवरीचा चेहरा काढायला वापरतात ती. नव्या लेन्सची किंमत मी एकदाच वाचली. बायकोला सांगितली नाही, आणि मलाही पुन्हा आठवू दिली नाही. राहिली जुनी. जुन्या कॅमेऱ्यांच्या एका ग्रुपवर मी महिनाभर टपून बसलो आणि नवरात्राच्या तोंडावर एक दिसली. सुरतेतल्याच कतारगामची. फोटोच्या खाली विकणाऱ्याने लिहिलं होतं: खूप वापरलेली आहे, येऊन बघा.

हा प्रामाणिकपणा मला आवडलाही आणि त्याने मला धास्तीही बसली.

विकणारा म्हणजे काठियावाडकडचा एक काका, माझ्यापेक्षा थोडा मोठा. हिऱ्याच्या कारखान्यांच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर त्याचा स्टुडिओ. अर्धं आयुष्य लग्नं काढण्यात गेलेलं. आता लोकांना फोटो नको, रील हवं, म्हणून त्याने व्हिडिओचं सामान घ्यायचं ठरवलं होतं. लेन्स त्याने स्टीलच्या डब्यातून काढली, आमच्याकडे लाडू काढतात तशी. काळा रंग कडांना घासून आतला धातू चमकत होता. पुढच्या कडेला एके ठिकाणी पोचा. रबराची रिंग सैल, तिच्याखाली कसलीशी चिकटपट्टी. आणि पुढच्या काचेवर, मधल्यापासून जरा बाजूला, नखाने काढल्यासारखी एक रेघ.

इथे माझा धंदा सांगायला हवा. मी कापड तपासतो. मिलमध्ये खाली ट्यूबलाइट असलेलं काचेचं टेबल असतं. त्याच्यावरून तागा सरकत जातो आणि मी डाग, तुटलेला धागा, गाठ, रेघ शोधत असतो. डाग नसला तर माल फ्रेश, असला तर सेकंड. तीस एक वर्षं मी जगाची अशी दोन भागांत वाटणी करतो आहे. लग्नाच्या पंगतीत बसलो तरी माझी नजर आधी चादरीवरचा डाग पाहते आणि मग जिलेबी. त्यामुळे लेन्स हातात आल्याबरोबर मी खिशातलं भिंग काढलं, धागे मोजायला असतं ते, आणि त्या रेघेवर टेकवलं. रेघ चांगली जाडजूड दिसली. भिंगातून कुठलीही रेघ जाडजूडच दिसते, पण हा विचार त्या वेळी डोक्यात आला नाही.

काकाने माझ्याकडे पाहिलं. तो समजूतदार माणूस होता. घासाघीस सुरू करण्याऐवजी म्हणाला, "जांगड पर लई जाओ, मोटाभाई. गमे तो राखजो, न गमे तो पाछो आपी जजो." दसरा झाला की सांगा, तोवर स्टुडिओ बंदच आहे, सगळे गरब्याच्या कामात आहेत.

सुरतेत राहणाऱ्याला जांगड सांगावी लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. इथे हिरा असो की साडी, माल विकत न घेता विश्वासावर घेऊन जाता येतो. पाहा, दाखवा, पटला तर ठेवा, नाहीतर जसा नेला तसा परत. या 'जसा नेला तसा' वर अख्ख्या बाजाराची इज्जत उभी आहे. जांगडवर नेलेली साडी कुणी नेसून पाहत नाही. जांगडवरचा हिरा कुणी अंगठीत बसवत नाही. मी त्या लेन्सचा डबा दोन्ही हातांनी धरून, रिक्षात मांडीवर ठेवून गोडादऱ्याला आलो. बायकोला म्हटलं, हात लावू नकोस, जांगडचा माल आहे. ती म्हणाली की मला हात लावायला एवढंच राहिलंय. ती सकाळपासून साड्यांना खडे चिकटवत बसलेली होती, व्यापाऱ्याचा माल, दिवाळीची घाई.

मग मी धोके तोलायला बसलो. माझ्यासारख्या माणसाला तोलायला बसणं फार आवडतं, कारण तोलत असेपर्यंत काही करावं लागत नाही. इंटरनेटवर शोधलं तर जगात जुनी लेन्स घेऊन रडलेली माणसंच जास्त. आत बुरशी वाढते आणि सुरतेसारख्या दमट गावात तर विशेष. पडलेल्या लेन्सचे आतले तुकडे वाकडे होतात आणि मग चेहऱ्याची एक बाजू ठळक येते, दुसरी धूसर. उजेड कमी-जास्त करणारी आतली पाती तेलाने चिकटतात. मोटर जाते, आणि गेलेल्या मोटरचे सुटे भाग मिळत नाहीत. हे सगळं वाचून मी घाबरलो आणि घाबरून पुन्हा ती रेघ बघायला लागलो. कारण बाकीचे धोके आत होते, दिसत नव्हते. रेघ दिसत होती. दिसणाऱ्या गोष्टीची भीती धरणं सोयीचं असतं.

खिडकीत धरून बघायचो. ट्यूबखाली धरून बघायचो. भिंगाने, चष्म्याने, चष्मा काढून. बायको एकदा खड्यांच्या डबीवरून मान वर करून म्हणाली, "माझा पाय मोडला तेव्हा एक्स-रेसुद्धा एवढा वेळ पाहिला नव्हता तुम्ही."

मी म्हटलं, एक्स-रे परत करायचा नव्हता.

तिने विचारलं, एवढं काय आहे त्यात? मी रेघ दाखवली. तिला दिसली नाही. तिने ती पदराने पुसायला हात पुढे केला आणि मी जो ओरडलो तो शेजारपर्यंत ऐकू गेला असणार, कारण शेजारीण काय झालं म्हणून डोकावून गेली.

दुसऱ्या दिवशी मी लेन्स मिलमध्ये नेली. जेवणाच्या सुट्टीत तपासणीच्या टेबलावर, पातळ कापडाच्या तुकड्यावर तिला ठेवली आणि खालचा दिवा लावला. आमच्या खात्यातले सगळे जमले. काही जण माझ्याहून जुने, नजर अशी की चालत्या ताग्यातला एक सुटलेला धागा पकडतील. लेन्स हातोहात फिरली. प्रत्येकाने तिला आडवी-उभी धरली, फुंकर मारली, अंगठ्याने कडेवरचा पोचा चाचपला. रेघेवर बराच वेळ चर्चा झाली. एकाने विचारलं, प्रेस मारून जाईल का? दुसऱ्याने सांगितलं, हे विणतानाच आलेलं आहे, धुऊन जाणार नाही. शेवटी आमच्या मुख्य तपासणाऱ्याने चष्मा कपाळावर चढवला, लेन्स डोळ्याजवळ नेली आणि निकाल दिला. "सेकंड. परत करा."

कुणीही वेगळं मत दिलं नाही.

आज आठवलं की मला एकट्यालाच हसू येतं. एवढे डोळे, एवढं ज्ञान, आणि त्यातल्या कुणालाही, मला धरून, असं सुचलं नाही की ही कॅमेऱ्याला लावून एखादा फोटो काढून पाहू. कापडवाल्यांचं असं असतं. कापड नेसून कुणी तपासत नाही. कापडाला जे काय आहे ते वरच असतं. डाग दिसला की विषय संपला. त्यात जांगड. जांगडचा माल वापरायचा नाही, हे आमच्या हाडात इतकं मुरलेलं, की लेन्स वापरल्याशिवाय कळणारच नाही हे शहाणपण आत शिरायला जागाच नव्हती. आठवडाभर ती लेन्स माझ्या घरात होती, कॅमेरा त्याच कपाटात होता, मध्ये एक फळी. मी दोघांची गाठ घालून दिली नाही.

घरी येऊन मी बायकोला सांगितलं, परत करायची. ती म्हणाली, बरं झालं. पण लगेच तिने देवघराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. मग आईंच्या फोटोचं काय?

ते काही माझ्या डोक्यातून गेलं नव्हतं. मी म्हटलं दुसरी बघू, चांगली बघू, पण फोटो काढणार. काय वाटेल ते झालं तरी दिवाळीच्या आत काढणार. हे मी जरा जोरात म्हटलं असावं. आई आतल्या खोलीत पडलेली होती आणि ऑपरेशन झालं होतं ते डोळ्यांचं. कान आधीपासूनच चांगले होते. पण तिने ऐकलं ते अर्धंच.

खंडेनवमीला आमच्याकडे औजारांची पूजा असते. कारखान्यात यंत्रमागाला हार घालतात, आणि घरी आई करते. वडील गेल्यापासून ती स्वतःच्या कपाळाला कुंकू लावत नाही, पण औजारांना लावायचा मान तिने कुणाला दिलेला नाही आणि मागायची कुणाची छाती नाही. पाट मांडायचा, धुतलेलं कापड पसरायचं, आणि घरात ज्याच्या ज्याच्या जिवावर पोट भरतं ते सगळं त्यावर ठेवायचं. माझं भिंग, माझी कातर, बायकोचा खडे उचलायचा चिमटा आणि गोंदाची बाटली, मिक्सरचं भांडं, स्कूटरची चावी. समई लावायची. ओल्या बोटाने कुंकू, वर हळद, वर अक्षता, एकेक झेंडूचं फूल.

मी आंघोळ करून आलो. आई पाटासमोर बसलेली. मी चप्पल काढतात तसा अंगावरचा आळस काढून हात जोडायला वाकलो आणि तसाच राहिलो.

भिंग आणि चिमट्याच्या मधोमध लेन्स होती. झाकण काढून शेजारी ठेवलेलं. पुढच्या काचेवर आईच्या बोटाचा अख्खा ठसा, लालभडक, ओला. त्यावर हळदीचा ओघळ. त्यावर तांदळाचे दोन दाणे चिकटलेले. आणि झेंडू.

बायको दारात उभी होती, तिने पदर तोंडाला लावला. हसू होतं की धक्का, हे तिने मला आजतागायत सांगितलेलं नाही.

मी शेवटी म्हटलं, आई, झाकण का काढलंस?

आई शांतपणे म्हणाली की झाकणावर कुंकू लावून काय उपयोग, वस्तूला लागायला पाहिजे. माझ्या फोटोसाठी आणली ना? मग तिची पूजा नको?

मी म्हटलं, अगं ती आपली नाही, जांगडची आहे, परवा परत द्यायची आहे.

आता आई माझ्याकडे वळली. जांगड म्हणजे काय हे तिला मी सांगायची गरज नव्हती. या शहरात ती माझ्याआधी आलेली. पण तिच्या हिशेबात जांगडच्या वर आणखी एक कायदा होता. "कुकू लायेल चीज कोन माघारी देस?"

आणि हा कायदाही खरा होता. आमच्यात कुंकू लावून पाटावर मांडलेली वस्तू परत करत नाहीत, विकत नाहीत, दारातून दुसऱ्याला देत नाहीत. एकीकडे जसा नेला तसा परत, हा बाजाराचा शब्द. दुसरीकडे आईचा पाट. मध्ये मी, ओल्या केसांनी, हळद ओघळत असलेली एक लेन्स बघत.

मला राग आला. पण कुणावर काढावा ते कळेना, आणि जेव्हा राग काढायला जागा मिळत नाही तेव्हा माझ्यासारख्या मवाळ माणसाचाही हट्ट तयार होतो. मी पुसायला गेलो नाही. ओलं कुंकू चोळलं तर काचेवर आणखी रेघा, एवढं मला कळत होतं. मी तांदळाचे दाणे तेवढे फुंकून उडवले, लेन्स उचलली, कपाटाची ती मधली फळी ओलांडली आणि कॅमेरा काढला. जे व्हायचं ते झालं होतं. सेकंडचं आता काय तिसरं होणार? निदान बघू तरी, कुंकू लावलेल्या लेन्सने जग कसं लाल दिसतं.

लेन्स बसताना खट्कन आवाज झाला. सैल नव्हती. डोळा लावला तर आईचं फक्त नाक. एवढ्या खोलीत ही लेन्स मावेना. मी मागे सरत सरत उंबऱ्याबाहेर गेलो, ओट्यावर गेलो, तिथे शेजारणीच्या वाळवणाच्या खाटेला पाठ टेकली, आणि तिथून दारातून आत बघितलं. मोटर आत कुठेतरी जुन्या पंख्यासारखी कुरकुरली आणि थांबली. मी रिंग हाताने फिरवली.

आई पाटासमोर तशीच बसलेली. नेहमीचं फिकट लुगडं, डोक्यावर पदर, मागे समई. ती मला रागे भरत होती. सणाच्या दिवशी लहान पोरासारखा बाहेर काय पळतो, असं काहीसं. भुवया वर, एक बोट माझ्याकडे, त्या बोटाला अजून कुंकू. डोळे माझ्यावर रोखलेले, चांगले उघडे. मी बटण दाबलं. एकदा, आणि सवयीने आणखी एकदा.

मग मागच्या पडद्यावर पाहिलं.

आईच्या बोटावरचं कुंकू सोडलं तर लाल काहीच नव्हतं. रेघ नव्हती. बोटाचा ठसा नव्हता. चेहरा होता. तिच्या डोळ्यांभोवतीची एकेक सुरकुती, नाकावर चष्म्याने पाडलेला खळगा, ओठांची ती मुरड जिला मी जन्मापासून घाबरत आलोय. त्या अंधाऱ्या खोलीतला होता नव्हता तेवढा उजेड लेन्सने गोळा करून तिच्या तोंडावर आणला होता. सगळं चित्र जरासं दुधाळ दिसत होतं, एवढंच. बारकाईने पाहिलं, आणि बारकाईने पाहणं तर माझं पोटच आहे, तेव्हा मागे समईच्या ज्योतीचा जो मोठा धूसर गोल झाला होता त्यात एक काळसर ठिपका सापडला. कुंकवाची खूण म्हणून एवढीच.

ज्या काचेवर बोटभर कुंकू असताना काही दिसत नाही, तिच्यावर केसाएवढी रेघ असली तर काय दिसणार होतं?

मी आत गेलो आणि कॅमेरा आईच्या हातात दिला. तिने पडदा लांब धरला, जवळ धरला, मोबाइलला धरला होता तसा. बायको तिच्या खांद्यावरून वाकली. मी खिडकीकडे बघत उभा राहिलो, मिलमध्ये तागा नापास व्हायची वाट बघतात तसा.

"हां," आई म्हणाली. "हाई मी शे."

त्यानंतर मी धोके तोलले ते पहिल्यांदा खरे तोलले. कुंकू वाळल्यावर मऊ ब्रशने झाडलं, मग थेंबभर पाण्याने, धीराने. मागच्या बाजूने टॉर्च मारून आत पाहिलं. धूळ होती, बुरशीचे धागे नव्हते. पाती कोरडी होती आणि मोकळी उघडत-मिटत होती. भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून त्याचा फोटो काढला. चारही कोपरे सारखे वाचता येत होते, म्हणजे पोचा फक्त कडेला होता. मोटर मात्र म्हातारी होती. ती आज ना उद्या जाणार आणि ती गेली की दुरुस्त होणार नाही, यात मला शंका नव्हती. तो धोका खराच होता. पण आई कुठे पळत जाणार होती? हाताने रिंग फिरवायला मला वेळ होता. मी ठरवलं, घ्यायची.

दसऱ्यानंतर कतारगामला निघालो तेव्हा बायकोने बजावून पाठवलं: चेहरा पाडून जा, रेघ दाखवा, पोचा दाखवा, मोटर ऐकवा आणि मगच भाव बोला. मी पाडायचा तेवढा पाडला. काकाने डबा उघडला, लेन्स फिरवली आणि त्याचं बोट पुढच्या कडेवर थांबलं. काच मी साफ केली होती, पण कडेच्या खाचेत बारीक लाल रेषा राहून गेली होती. त्याने नखाने ती टोकरली, वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मला खोटं सुचलं नाही. मी सगळं सांगितलं, आईच्या ठशापासून समईच्या ठिपक्यापर्यंत. त्याला सर्वांत नवल कुंकवाचं वाटलं नाही. मी आठवडाभर त्या लेन्सने एकही फोटो काढला नव्हता, याचं वाटलं. त्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली.

मी म्हटलं, जांगड होती ना.

तो हसता हसता खुर्चीत मागे टेकला. मग डबा बंद करून त्याने तो माझ्याकडे सरकवला. "हवे तो ए तमारो ज, मोटाभाई." आता हा तुमचाच.

भाव पहिला सांगितला होता तोच राहिला. पूजा करून आणलेल्या मालाची घासाघीस करायला मला तोंड नव्हतं, आणि हे त्यालाही माहीत होतं. जाताना मात्र त्याने एक जुनं झाकण फुकट दिलं. म्हणाला, पुढच्या वर्षी हे ठेवा पाटावर. मी आईला तसं सांगितलेलं नाही.

फोटो मोठा करून आणला, चौकटीत बसवला. स्टुडिओवाल्याने विचारलं, डोळ्यांखालच्या रेघा काढू का? मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने दुसरा प्रश्न विचारला नाही. घरी आल्यावर बायको म्हणाली की कपाटात ठेवू या, जिवंत माणसाचा फोटो हार घातलेल्या फोटोशेजारी लावत नाहीत, लोक काय म्हणतील. आईने तिचं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, शेजारी नकोच, समोर लाव.

तेव्हा समोरच्या भिंतीवर खिळा ठोकला. आता देवघराच्या वर कोटातले वडील आणि पलीकडून भुवया वर करून, लाल बोट त्यांच्यावर रोखून बघणारी आई. सकाळी ती दिवा लावते, त्यांना हार घालते, वळते आणि स्वतःकडे एकदा बघून चहाला बसते. वडील आधीपासून दचकलेले होतेच. पण आता कशाला दचकलेत ते कळतं.